कडाका आणि दणका : एकाच गोळीचे दोन आवाज

गोळीबारात सापडलेल्या तुकडीचे वर्णन वाचताना एक वाक्य हमखास भेटते : ‘आवाज आला त्या दिशेला जवानांनी मोर्चा वळवला.’ कथांत ते असते, बातम्यांत असते आणि ज्यांनी रायफल हाताळली आहे अशांच्या बोलण्यातही असते. दर वेळी विचारावेसे वाटते की, कोणता आवाज? रायफलच्या एका गोळीचे दोन आवाज समोरच्या माणसाच्या कानी पडतात. पायदळात त्यांना ‘क्रॅक’ आणि ‘थम्प’ म्हणतात. मराठीत मी कडाका आणि दणका म्हणेन.

दणका सर्वांच्या ओळखीचा आहे. नळीच्या तोंडातून कोंडलेला वायू बाहेर फुटतो, त्याचा तो आवाज. तो बंदुकीपासूनच येतो आणि अंतर वाढेल तसा दबका होत जातो. एवढे पुरे.

कडाका मात्र बंदुकीचा नसतोच, तो गोळीचा असतो. इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटते आणि ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटरच जातो. ध्वनीला मागे टाकणाऱ्या गोळीबरोबर, चालत्या नावेच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना लाट फाकते तशी, शंकूच्या आकाराची दाबलहर पसरत जाते आणि ती कानावर आदळली की ‘कडाड्’ असे वाजते. पोतराजाच्या आसुडाचा आवाज याच जातीचा आहे. त्याचे टोक क्षणभर ध्वनीहून वेगाने फिरते.

सारा घोळ होतो तो दिशेचा. ही लहर गोळीच्या मार्गापासून बाजूला पसरत असल्यामुळे कानाला कडाका बंदुकीकडून आल्यासारखा वाटत नाही, तर गोळी जवळून जिथे गेली त्या बाजूने आल्यासारखा वाटतो. समजा, शत्रू तुमच्या बरोबर उत्तरेला आहे आणि त्याची गोळी तुमच्या पश्चिमेकडून, चार हातांवरून गेली. सेकंदाला 800 मीटर वेगाच्या गोळीचा कडाका उत्तरेपासून जवळजवळ 65 अंश पश्चिमेकडे सरकून ऐकू येतो. त्यावर विसंबून जो जवान शत्रूला पश्चिमेला समजतो, तो जवळच्या खडकाच्या पूर्वेकडे जाऊन पडतो. त्याने शिकल्याप्रमाणे धाव घेतली, जमिनीला पोट लावले, सरपटून आडोसाही गाठला. तरीही उत्तरेकडच्या नेमबाजाला तो डोक्यापासून टाचेपर्यंत उघडा दिसतो. त्याच्या आडोशात काही चूक नाही, तो चुकीच्या आवाजाविरुद्ध घेतलेला आहे. म्हणून ‘आवाजाच्या दिशेला वळा’ एवढेच शिकवणे मला धोक्याचे वाटते. कडाका ऐकून खाली पडायचे, दणका ऐकून तोंड वळवायचे, असे दोन तुकड्यांतच ते शिकवले पाहिजे.

हे आपल्याकडे लवकर उमगत नाही, याला कारण आहे. एन.सी.सी.च्या बहुतेक मुलांची पहिली ओळख .22 रायफलशी होते. तिच्या गोळीचा वेग ध्वनीच्याच आसपास असतो, लक्ष्य 25 मीटरवर असते आणि कॅडेट स्वतः बंदुकीमागे असतो, त्यामुळे त्याच्या कानात एकच आवाज बसतो. दोन वेगळे आवाज ऐकायचे तर मोठ्या रेंजवर लक्ष्यांखालच्या खंदकात, बट्समध्ये, उभे राहावे लागते. तिथे कडाका नेमका डोक्यावर फुटतो आणि मग, एखाद्याने दूर दार आपटावे तसा, दणका येतो.

दोन्हींमधल्या वेळेवरून अंतरही काढता येते. 300 मीटर कापायला ध्वनीला सुमारे 0.9 सेकंद लागतो आणि इन्साससारख्या रायफलच्या गोळीला सुमारे 0.4, म्हणजे मध्ये अर्धा सेकंद उरतो. ए.के.-47 ची गोळी मुळात सेकंदाला 715 मीटरच्या आसपास निघते, म्हणून तितक्याच अंतरावर ही फट लहान होते. समोरचे शस्त्र ओळखल्याशिवाय केलेला हिशेब फसतो. स्वयंचलित फैर असेल तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, तेव्हा फैर थांबल्यावर शेवटचा कडाका आणि शेवटचा दणका यांमधला वेळ धरावा. डोंगरदऱ्यांत प्रतिध्वनी दोहोंचाही होतो, तेथे पहिल्या दणक्यालाच मान द्यावा.

सायलेन्सरविषयीही गोळीचा आवाज एकच धरण्याचा तोच गैरसमज आहे. सायलेन्सर दणका दाबतो; ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाका त्याला रोखता येत नाही. म्हणजे शत्रूचा ठाव सांगणारा आवाजच नेमका मंदावतो आणि दिशाभूल करणारा तसाच राहतो. अशा वेळी धूळ, नळीतोंडाचा लखलखाट आणि हलणारे गवत यांवर डोळे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

सेक्शन कमांडरने, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीच्या प्रमुखाने, म्हणूनच ‘फायर कुठून आला?’ असे मोघम विचारू नये. उजव्या आणि डाव्या टोकाच्या जवानांना, फक्त दणका ऐकून, आपापल्या जागेवरून हाताने दिशा दाखवायला सांगावी. दोघांमध्ये पुरेसे अंतर असेल, तर त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्याने दुर्बीण लावावी.