कोळी अंगावर मुतत नाही

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत कुणीतरी सकाळी उठतं ते मान चोळतच. मानेवर लालसर रेघ असते, आग होत असते, आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर बारीक फोड येतात. घरातलं वडीलधारं माणूस बघतं आणि सांगून टाकतं, "कोळी मुतलाय." मग कुणी हळद लावतं, कुणी चुना लावतं, आणि संध्याकाळी भिंतीवर जो कोळी दिसेल त्याच्यावर चप्पल पडते.

मारला जातो तो निर्दोष असतो. कोळ्याला आपल्यासारखी पातळ लघवी होतच नाही. शरीरातला नको असलेला नत्र तो मुख्यतः ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या रूपात, घट्ट पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर टाकतो. कोळी बसतो त्या जागेखाली भिंतीवर जे पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. त्यानं कातडी भाजत नाही.

भाजते ती एका भुंगेऱ्यामुळे. पेडेरस हे त्याच्या प्रजातीचं नाव. ७ ते १० मिलिमीटर लांब, सडपातळ, अंगावर केशरी आणि काळे पट्टे. पंखांची झाकणं इतकी आखूड की पहिल्यांदा बघणाऱ्याला ही मुंगीच वाटावी. हा भातशेतीत राहतो, पिकावरचे बारीक किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगाचाच आहे. रात्री तो दिव्याकडे येतो. खिडकी उघडी, ट्यूबलाइट चालू आणि घराला लागून शेत असेल तर तो अंथरुणापर्यंत पोचणारच. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून आपण झोपेत हात फिरवतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीवर पसरतं. हात ज्या दिशेनं फिरला त्याच दिशेनं रेघ उठते. कोपराच्या आतल्या बाजूला चिरडला, तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीवरही तसाच जोडडाग उमटतो.

या द्रव्याचा परिणाम लगेच दिसत नाही. आग आणि फोड यायला १२ ते ३६ तास लागू शकतात. तोवर भुंगेरा चादरीतून झटकला गेलेला असतो, आणि भिंतीवर कोळी मात्र ठळक दिसत असतो. आळ त्याच्यावर आला यात नवल नाही. उपाय साधा आहे. हा किडा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्यानं धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. चुन्यानं जखम वाढते, एवढंच.

नागिणीचंही असंच होतं. छातीच्या किंवा पोटाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, भयंकर दुखतात, आणि मग दोन टोकं जुळली की माणूस संपला, या भीतीनं घर हादरून जातं. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. मज्जातंतू शरीराच्या एका बाजूपुरते असतात, म्हणून फोड सहसा मध्यरेषा ओलांडत नाहीत. टोकं जुळल्यानं कुणी मरत नाही. उशीर केल्यानं मात्र नुकसान होतं. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच तीन दिवस गावठी औषध घालणाऱ्याच्या दारात जातात. फोड डोळ्याजवळ असतील तर एक दिवसही थांबू नये.

आता भिंतीवरच्या त्या कोळ्याकडे येऊ. कौलारू घरात, न्हाणीत, देव्हाऱ्यामागे दिसणारा तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी बहुधा हंट्समन असतो. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं पकडतो. मादी पोटाखाली पांढरी चपटी अंडपिशवी घेऊन हिंडते, त्यामुळे ती आणखीच भयानक दिसते. बोटांत दाबून धरलं तर तो चावेल, त्या जागी थोडा वेळ दुखेल. माणूस दिसला की त्याची पहिली धाव फटीकडे असते.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं, पण ते किड्यामुंग्यांसाठी बनलेलं. माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती अगदी मोजक्या. ज्याच्या नावानं जग घाबरतं, त्या ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्यावर १९८१ साली प्रतिविष आलं आणि त्यानंतर त्याच्या दंशानं माणूस दगावल्याची नोंद नाही.

याउलट सापांचं बघा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कर्नाटक सरकारनं २०२४ साली सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना सक्तीची केली, ते योग्यच झालं. उसाच्या फडात रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या पायात गमबूट आणि हातात बॅटरी हवी. तिथं घोणस खरीच असते.

दंशाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका काळ्या खपलीची. डोंगराकडच्या गवतात, झुडपांत काम करून आलेल्या माणसाच्या काखेत, जांघेत किंवा कमरेवर न दुखणारी, सिगारेटचा चटका बसावा तशी खपली दिसते. "कोळी चावला असेल" म्हणून ती सोडून दिली जाते. आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप येतो. ही स्क्रब टायफस या आजाराची खूण असू शकते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, माइट नावाच्या बारीक जिवाच्या पिल्लाच्या चावण्यातून त्याचा जंतू अंगात जातो. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधानं आजार आटोक्यात येतो, पण दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू यांपर्यंत पोचतो. ताप आणि खपली एकत्र असेल तर ती खपली डॉक्टरांना उघडून दाखवलीच पाहिजे. लाजेनं ती दाखवायची राहून जाते.

विंचवाच्या बाबतीतही आपली भीती आकारमानावर जाते. जंगलातली मोठी काळीकुट्ट, जाड नांग्यांची इंगळी बघून माणसं ओरडतात. तिचा डंख दुखतो, पण जिवावर सहसा येत नाही. जिवावर उठतो तो लहानखुरा, बारीक नांग्यांचा लाल विंचू. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या अशा रुग्णांवर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरलं आणि १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्या गोळीनं असंख्य मुलं वाचली. घाटाखालून आलेलं हे ज्ञान घाटावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की अलीकडे टॅरंटुला नावाचे मोठे केसाळ कोळी, बॉल पायथन, इग्वाना सरडे, लाल कानाची कासवं पाळायची हौस आपल्याकडेही आली आहे. घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "हे चावलं तर मरायला होईल का?" टॅरंटुलाच्या दंशानं माणूस मेल्याची खात्रीशीर नोंद नाही. बॉल पायथन हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर आहे, घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. भीतीचं उत्तर इथं संपतं, पण काळजीचं काम इथून सुरू होतं.

अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांच्या पोटावर बारीक खाजरे केस असतात. चिडला की तो मागच्या पायांनी ते उडवतो. डोळ्यात गेले तर ते काढायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. आपल्या देशातल्या टॅरंटुलांना असे केस नसतात, पण पोसिलोथेरिया या झाडावर राहणाऱ्या प्रजातीचा दंश स्नायूंत कित्येक दिवस पेटके आणू शकतो. म्हणून टॅरंटुला हातावर घेऊन फोटो काढणं चूकच. त्यात कोळ्याचाही जीव जातो. हातातून नुसता खाली पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं.

पाळणाऱ्यांचा एक गैरसमज तर फार वाईट वाटावा असा. टॅरंटुला कात टाकताना पाठीवर उताणा पडतो, पाय वर, तासन्‌तास निपचित. मेला समजून लोक त्याला टाकून देतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळले जातात, आणि त्याचं कारण त्याच्या पायांच्या रचनेत आहे. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना वाकवायला स्नायू असतात, सरळ करायला नसतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबानं उघडावा तसा तो आपला पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबानं ताणतो. जीव गेला की दाब गेला, आणि पाय आत वळले. उताणा, पण पाय पसरलेला कोळी जिवंत असतो. त्याला हात लावू नये. नवी कात घट्ट व्हायला काही दिवस लागतात, तोवर खाणंही देऊ नये.

हे प्राणी येतात कुठून, हेही विचारायला हवं. आंध्रातल्या गुत्ती रेल्वे स्थानकाच्या लाकूड वखारीत मिळालेल्या एकाच नमुन्यावरून १८९९ साली एका निळ्याशार टॅरंटुलाची नोंद झाली. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला सापडला नव्हता. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे, आणि परदेशांतल्या शौकिनांच्या काचपेट्यांत मात्र सर्रास दिसतो. २०१९ साली पोसिलोथेरियाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानं नियंत्रण आणलं. टॅरंटुला आपल्या सह्याद्रीतही आहेत. थ्रिग्मोपियस ही बिळात राहणारी प्रजाती पश्चिम घाटाबाहेर कुठंच सापडत नाही. मादी वर्षानुवर्षं एकच बीळ धरून राहते, त्यामुळे ते खणून काढलं की त्या जागेवरचा वंश थांबू शकतो.

मांडूळ आणि चांदणी कासव यांचा तर आपण छळच मांडला आहे. मांडुळाला दोन तोंडं नसतात. त्याची शेपटी बोथट असते, आणि धोका दिसला की तो डोकं लपवून ती पुढे करतो. तो उंदीर खातो. धनलाभाच्या खोट्या आशेनं त्याची लाखांची सौदेबाजी चालते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती तुरुंगात नेणारी आहे. घरात चांदणी कासव किंवा पिंजऱ्यात देशी पोपट ठेवणंही याच कायद्यानं गुन्हा ठरतं, "नशीब उघडतं" हे कारण कोर्टात चालत नाही.

परदेशी प्राण्यांसाठी नियम वेगळा आहे. साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. बॉल पायथन आणि इग्वाना दोन्ही त्या यादीत आहेत. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

उरलं लाल कानाचं कासव. अक्वेरियमच्या दुकानात ते नाण्याएवढं असतं, मुलं हट्ट धरतात. ते वाढून ताटलीएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. त्याच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलं कासव हाताळून हात तोंडात घालतात. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हाताळल्यावर साबणानं हात धुणं आणि त्याची टाकी स्वयंपाकघरातल्या मोरीत न धुणं, एवढं तरी पाळायलाच हवं. मोठं झाल्यावर कंटाळून लोक ते विहिरीत, देवळाच्या तळ्यात, किल्ला तलावात "पुण्य" म्हणून सोडायला निघतात. ते खादाड आहे, स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, तिच्यात ते एकदा शिरलं की बाहेर काढणं कुणालाच जमणार नाही. सांभाळणं जमत नसेल तर वनखात्याशी बोलावं, भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात चौकशी करावी, किंवा नीट सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावं.