बिडाचं काळीज

१९९१ साली टोयोटाने जपानमध्ये ॲरिस्टो नावाची चार दारांची सेडान आणली. भारदस्त, ऐसपैस, घरच्यांना घेऊन निवांत फिरायची गाडी. तिच्या बॉनेटखालचं ट्विन-टर्बो पेट्रोल इंजिन १९९३ मध्ये सुप्रा या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसलं आणि गाडीवेड्यांच्या तोंडी त्याचं नाव कायमचं रुळलं: २जेझेड-जीटीई. ती सुप्रा २००२ मध्ये बंद झाली, तरी ‘न मोडणारं इंजिन’ म्हटलं की आजही हेच नाव पुढे येतं. ‘न मोडणारं’ हे विशेषण मला पूर्ण पटत नाही. पण ते या इंजिनाच्या वाट्याला का आलं, हे उलगडून बघणं मला फार आवडतं.

टर्बो मुळात इंजिनाला छळतोच. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश सायलेन्सरवाटे वाया जाते. त्या तापलेल्या वायूंच्या वाटेत टर्बोचं एक चक्र बसवलेलं असतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. फिरण्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर जातो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण सायकलला हवा भरताना पंपाचं टोक कसं चटका देतं, ते आठवा. दाबलेली हवा तापते. तापलेलं मिश्रण ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटलं, की पिस्टनवर हातोडे बसावेत तसे धक्के बसतात. हेच नॉकिंग. टर्बो इंजिनं मरतात ती बहुतेकदा या आणि उष्णतेच्या माऱ्याने.

म्हणून टोयोटाने या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पिस्टन किती पट दाबतो ते प्रमाण, ८.५ इतकंच ठेवलं, हवा थंड करायला इंटरकूलर दिला, नॉकिंगची चाहूल घेणारे सेन्सर लावले आणि प्रत्येक पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा सोडला.

आता थोडा हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. त्यावरून एका सिलिंडरचं आकारमान काढून सहा सिलिंडरांसाठी सहाने गुणलं की २,९९७ घनसेंटिमीटर येतात. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहातापेक्षाही कमी. जळताना सिलिंडरमध्ये क्षणभर ८० बार दाब झाला असं धरलं, तर त्या इवल्या जागेवर साडेचार टनांहून जास्त भार येतो. भरल्या अंगाचा हत्ती. मिनिटाला ६,००० फेरे असतील, तर हा हत्ती प्रत्येक पिस्टनवर सेकंदाला ५० वेळा उभा राहतो!

हा भार पेलतो तो बिडाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो इंजिनाचा सांगाडा. घरातला बिडाचा तवा आठवा: जड, पण वर्षानुवर्षं चुलीवर राहूनही वाकडा न होणारा. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण बिडाएवढं ताठ नाही आणि तापलं की लवकर हार मानतं. शिवाय या ब्लॉकमध्ये सिलिंडरांचे माथे आजूबाजूच्या धातूशी जोडलेले आहेत. दाबाखाली ते डुलत नाहीत, त्यामुळे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण यांच्यामधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, टिकतं. पिस्टनची वरखाली धाव गोल फिरवणारा घडीव पोलादाचा दांडा, म्हणजे क्रँक, सात बेअरिंगांवर तोललेला आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही अंगांना आधार.

सहा सिलिंडर एका ओळीत असण्याचाही यात मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे पिस्टन जोडीने वरखाली होतात. तिन्ही जोड्यांच्या हालचालीत एक तृतीयांश फेऱ्याचं अंतर असतं, त्यामुळे त्यांचे झटके एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारून टाकतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात असं होत नाही. मुळात थरथर कमी, म्हणून बेअरिंग, बोल्ट, जोड या सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

यातले दोन टर्बो एकदम नव्हे, पाळीने कामाला लागतात. कमी वेगात सहाही सिलिंडरांचा वायू एकाच टर्बोवर सोडला जातो, म्हणजे तो पटकन फिरू लागतो. ४,००० फेऱ्यांच्या आसपास झडपा उघडून दुसराही सामील होतो. जड जात्यासारखा एकच मोठा टर्बो फिरवायला जो वेळ लागला असता, तो यात वाचतो.

जपानी कंपन्यांनी त्या काळी आपापसात ठरवून जाहीर ताकद २८० अश्वशक्तीवर थांबवली होती. १९८९ च्या सुमारास सुरू झालेला हा संकेत २००४ मध्ये मोडला. अमेरिकेला गेलेल्या सुप्रात टर्बोची चक्रं, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, झडपा उघडणारे कॅम वेगळे होते आणि ताकद ३२०, पण बिडाचा सांगाडा तोच. म्हणजे जपानी गाडीत हा सांगाडा आपल्या कुवतीच्या बराच अलीकडे काम करत होता. माझ्या मते त्याच्या टिकाऊपणाचं खरं कारण ही शिल्लक आहे. एक मोठा टर्बो लावून लोक याच क्रँकवर ६०० अश्वशक्तीच्या पुढे जातात, ते ही शिल्लक खर्च करतच. आणि ६०० अश्वशक्तीने काही सेकंद धावणं वेगळं, २८० ने वीस वर्षं चालणं वेगळं. फुटलेल्या इंजिनांचे व्हिडिओ कोणी कौतुकाने दाखवत नाही, म्हणून ‘न मोडणारं’ ही समजूत फोफावली.

कमजोर जागा आहेतच. जपानी टर्बोंमधलं सिरॅमिकचं चक्र हलकं असल्याने चपळ, पण दाब फार वाढवला की तुटतं. झडपांच्या सीलमधून ऑइल झिरपतं आणि गाडी सुरू करताना निळसर धूर येतो. दोन टर्बोंची पाळी सांभाळणाऱ्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन चिरतात, मग दुसरा टर्बो जागाच होत नाही. आणि क्रँकच्या पुढच्या पुलीत थरथर शोषायला रबराचं एक कडं असतं. ते सुटलं तर सैल झालेली पुली झडपांची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग बेल्टलाही इजा करू शकते. तीस वर्षांची जुनी सुप्रा बघायला जाणाऱ्याने आधी टॉर्च घेऊन वाकावं ते या पुलीपाशी. बीड शाबूत असतं, म्हातारं होतं ते रबर.