ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली. आता कोर्टात काय होतं?

हेल्मेटचं चलान मोबाइलवर भरता येतं, तसं हे मिटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये (दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा) तडजोड शुल्क भरून रस्त्यावरच सुटायची सोय नाही. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं आणि तिथे तुम्ही आरोपी असता. दारू पिण्याचा परवाना खिशात असला तरी इथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. फुंकल्यावर यंत्रातून जी चिठ्ठी निघते, तिच्यावर बहुतेकदा केस उभी असते, म्हणून ती नीट वाचा: तारीख, वेळ, आकडा, खाली तुमची सही. पोलिसांनी अटक केली, तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन मिळणं हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे.

तारखेला जाताना समन्स किंवा नोटीस, आधार कार्ड, आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स जवळ ठेवा. लायसन्स पोलिसांनी घेतलं असेल तर त्याची पावती. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच, दोन्ही. जामीनदार लागला तर त्याचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शिवाय पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सातबारा असं काही लागतं. वकील दिलात तर वकीलपत्रावर सही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या फाटकाशी ‘साहेब, दहा मिनिटांत सोडवतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना पैसे देऊ नका.

बाहेरच्या बोर्डावर आपला नंबर बघून ठेवा आणि दाराजवळच थांबा. पुकारा झाला आणि तुम्ही खाली चहाला गेलेले असलात, तर वॉरंट निघू शकतं.

आत गेल्यावर आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ बरेच जण इथे घाईत ‘हो’ म्हणतात. डोक्यात असतं, दंड भरू आणि ऑफिस गाठू. पण हे ‘हो’ म्हणजे गुन्हेगार ठरणं. एकदा कबूल केलं की वरच्या कोर्टात फक्त शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढंच मांडता येतं. दोषी ठरवल्याबद्दल भांडता येत नाही. आकडा मर्यादेच्या जवळ असेल, चिठ्ठीवरची वेळ जुळत नसेल किंवा तपासणीच झाली नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी वकिलाला कागद दाखवा, मग तोंड उघडा. ‘कबूल नाही’ म्हटलं तर पोलिसांना साक्षी-पुराव्याने आरोप सिद्ध करावा लागतो. तारखा पडतात, रजा जातात, हेही खरं.

पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कधी ‘न्यायालय उठेपर्यंत’ कैद आणि दंड अशी शिक्षा होते; मग संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसायचं. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दगावलं असेल, तर भारतीय न्याय संहितेची कलमं वेगळी लागतात आणि मामला फार जड होतो.

दंडापेक्षा जास्त झोंबतं ते लायसन्स. दोषी ठरल्यावर मोटार वाहन कायद्याच्याच कलम २० नुसार किमान सहा महिने वाहन चालवायला अपात्र ठरवलं जातं. दंडाची पावती आणि आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागून घ्या, पुढे आरटीओत लागेल. त्या काळात ‘जवळच तर जायचंय’ म्हणून किल्ली फिरवलीत, तर कलम १८२ खाली नवा गुन्हा होतो: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.