शनिवारच्या रात्रीचं कुंपण

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या काही रेल्वेगाड्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं आणि बसायला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. ज्यूल द्युप्युई नावाच्या इंजिनिअरने १८४९ मध्ये याचं कारण लिहून ठेवलं. कंपनीला छपराचा खर्च जड नव्हता. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला परवडतं, त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये एवढ्यासाठी ते छप्पर घातलेलं नव्हतं. ऐपतवाल्याला धाक बसावा म्हणून गरिबाने पावसात भिजायचं. विमानाच्या तिकिटाचा गुंता समजून घेताना मला हा बिनछपराचा डबा सारखा आठवतो.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात याला मूल्यभेद म्हणतात : सेवा तीच, दर माणसागणिक वेगळा. विमान कंपनीला त्याचा मोह पडतो कारण सीट हा नाशवंत माल आहे. संध्याकाळी मंडईत उरलेली मेथी पडत्या भावात तरी जाते, पण विमानाचं दार लागलं की रिकामी सीट कोणत्याच भावात जात नाही. शिवाय आणखी एक प्रवासी बसला म्हणून त्या उड्डाणाचा खर्च नावापुरताच वाढतो.

अमेरिकेत मात्र कित्येक वर्षं कंपन्यांचे हात बांधलेले होते. १९३८ पासून राज्याराज्यांमधल्या उड्डाणांची भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे. हे बंधन सैल होत असताना १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्क ते कॅलिफोर्निया मार्गावर ‘सुपर सेव्हर’ भाडं आणलं. चार्टर म्हणजे अख्खी भाड्याने घेतलेल्या विमानांची स्वस्त तिकिटं गिऱ्हाईक पळवत होती आणि अमेरिकनच्या सीट रिकाम्या जात होत्या. रॉबर्ट क्रँडल तेव्हा तिथे मार्केटिंग सांभाळत. भाडं भरपूर उतरवलं, पण अटी घातल्या : तिकीट ३० दिवस आधी घ्यायचं आणि परतण्याआधी किमान ७ दिवस राहायचं.

खरी मेख या अटींत आहे. कामासाठी जाणाऱ्याला मंगळवारी कळतं की गुरुवारी बैठक आहे. तो महिनाभर आधी तिकीट कुठून घेणार? पुढे जाण्या-येण्याच्या तिकिटात शनिवारची रात्र तिथेच काढण्याची अट रुळली, कारण कामावरचा माणूस शुक्रवारी घरी परतू पाहतो. कोणाच्या पगाराची चिठ्ठी मागावी लागत नाही, अटच माणसं निवडते. या धंद्यात अशा अटींना कुंपणच म्हणतात.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानसेवा नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून पीपल एक्स्प्रेस ही नवी विमान कंपनी उडू लागली. भाडं साधं आणि फार कमी, सामानाचे आणि कॉफीचे पैसे वेगळे. जुन्या कंपन्यांनी सगळीच भाडी तेवढी उतरवली असती, तर महागडं तिकीट घेणारं त्यांचं हक्काचं गिऱ्हाईकही स्वस्तात गेलं असतं.

यातून सुटायचं गणित १९७२ मध्येच बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी मांडलं होतं. समजा, आज २,००० रुपयांना सीट मागणारा समोर उभा आहे आणि शेवटच्या दिवसांत येणारा ५,००० देतो. दोन हजार म्हणजे पाच हजारांचे ४० टक्के. ती सीट पाच हजारांना जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर समोरच्याला नाही म्हणायचं आणि सीट राखून ठेवायची. शक्यता कमी असेल तर आत्ताच विकून मोकळं व्हायचं. गणित एवढंच, पण ते हजारो उड्डाणांसाठी रोज नव्याने करायचं तर संगणक हवा. अमेरिकनकडे आयबीएमबरोबर उभारलेली सेबर ही आरक्षण यंत्रणा १९६० च्या दशकापासून होती.

जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकनने ‘अल्टिमेट सुपर सेव्हर’ काढून पीपल एक्स्प्रेसच्या भाड्याशी बरोबरी केली, पण कुंपणाआड आणि मोजक्याच सीटवर. इतकी बारीक वाटणी करणारी यंत्रणा पीपल एक्स्प्रेसकडे नव्हती. १९८६ मध्ये ती विकली गेली आणि १९८७ मध्ये कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या विमान कंपनीत विरली. १९९२ मध्ये याच क्रँडल यांनी चारच भाड्यांची सुटसुटीत पद्धत आणून पाहिली, पण भाडेयुद्ध पेटलं आणि काही महिन्यांतच ती गुंडाळावी लागली. तेव्हापासून भाड्यांची गुंतागुंत वाढतच गेली.

आपल्याकडे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सचा मूल्यभेद उघडाउघड होता : भारतीयांना रुपयांतलं भाडं, परदेशी पर्यटकांना डॉलरमधलं आणि जास्त. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली आणि एक रुपयाच्या तिकिटाची गावोगाव चर्चा झाली. तशा सीट मोजक्याच असत, पण लवकर घेणाऱ्याला स्वस्त हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. सप्टेंबर २०१६ मध्ये रेल्वेनेही राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला फ्लेक्सी भाडं लावलं. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी चढायचं, कमाल दीडपट.

शनिवारच्या रात्रीची अट आपल्या देशांतर्गत तिकिटांत रुजली नाही. इथे एकेरी तिकिटांचा बाजार आहे, त्यामुळे उरलं ते मुख्य कुंपण एकच : किती दिवस आधी. मला खुपतं ते इथेच. हे कुंपण रचलं तेव्हा डोळ्यांसमोर होता तिकिटाचे पैसे ऑफिसकडून मिळणारा माणूस. पण वडील गेल्याचा फोन पहाटे आल्यावर दुपारच्या विमानाने पुण्याहून नागपूरला निघणारा मुलगाही त्याच बाजूला सापडतो. संगणकाला दोघांत फरक दिसत नाही, कारण दोघांनीही तिकीट आजच मागितलेलं असतं.

कोविडच्या टाळेबंदीनंतर २५ मे २०२० ला विमानं पुन्हा उडाली, तेव्हा सरकारने भाड्याला खालची आणि वरची दोन्ही मर्यादा घातली. मुंबई-दिल्लीसाठी सुरुवातीला ती ३,५०० आणि १०,००० रुपये होती, आणि किमान ४० टक्के सीट या दोहोंच्या मध्याहून कमी भाड्यात विकणं बंधनकारक होतं. ३१ ऑगस्ट २०२२ पासून या मर्यादा उठल्या.