हरवलेली हॉर्सपॉवर आणि टाकीत ओतायचे क्लीनर: मोजमापाची पार्श्वभूमी

टाकीत क्लीनर ओतला की कार्बनच्या थरामुळे हरवलेली शक्ती परत येते, असा दावा केला जातो; तो तपासायचा तर ही शक्ती मोजतात कशी, ते आधी पाहावे लागते. इंजिनाला ब्रेक लावून त्याची शक्ती मोजण्याची कल्पना १८२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आली, आणि १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्याच्या ब्रेकने तिला मोठ्या इंजिनांपर्यंत नेले. ऑइल इंजिने घडवणाऱ्या कोल्हापूरला यातले काही परके नव्हते. मात्र उसाला पाणी देणाऱ्या संथ इंजिनाचे हेड उघडून कार्बन खरवडल्यावर किती शक्ती परत आली, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. पंप पाणी उचलतो की नाही, एवढे पुरेसे होते.

इंधनातच साफ करणारे रसायन मिसळण्याची सुरुवात अमेरिकेत १९५४ मध्ये झाली, आणि तेव्हा लक्ष्य फक्त कार्बोरेटर होते. १९७० मध्ये व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारी रसायने आली. त्यांनी व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवले, पण ज्वलनकक्षातला थर वाढवण्याकडे त्यांचा कल होता. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी पॉलिइथर अमाइन वर्गातील रसायने १९८० मध्ये बाजारात आली. इंधन फवारणारे इंजेक्टर तुंबण्याच्या तक्रारी वाढल्यानंतर १९९५ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये अशी रसायने सक्तीची झाली. या काळातील प्रमाणित चाचण्यांमध्ये व्हॉल्व्हवरचा थर मिलिग्रॅममध्ये तोलला जाई. शक्ती मोजणे हा त्यांचा उद्देश नव्हता, आणि बाटलीवरचे आजचे दावे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष आले, नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, आणि कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधनाचे बारीक छिद्र, काढून फुंकण्याचे काम टाकीत ओतायच्या बाटलीकडे गेले. त्याच सुमारास रोलरवर गाडी चढवून शक्तीचा आलेख देणारे डायनो सामान्य गाडीमालकाच्या आवाक्यात येऊ लागले. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन आलेख शेजारी ठेवणे हा पुरावा मानला जाऊ लागला, आणि वाद सुरू झाला तो तिथेच.

वादाचे मूळ करेक्शन फॅक्टरमध्ये, म्हणजे हवेच्या फरकासाठी मोजलेल्या शक्तीला लावल्या जाणाऱ्या गुणकात आहे. डायनोने मोजलेली शक्ती जशीच्या तशी छापली जात नाही. ती २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या हवेचा दाब या प्रमाण स्थितीला नेली जाते. पेट्रोल इंजिनासाठी प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय सूत्रात दाबाच्या गुणोत्तराचा १.२ वा आणि निरपेक्ष तापमानाच्या गुणोत्तराचा ०.६ वा घात घेतात, आणि येणारा गुणक ०.९३ ते १.०७ यांच्या बाहेर गेला तर चाचणी प्रमाण मानू नये, असे ते मानकच सांगते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथे हवेचा एकूण दाबच ९५० च्या आसपास असतो, आणि त्यातून बाष्पाचा दाब वजा करायचा असतो. हिवाळ्याच्या सकाळी गुणक मर्यादेत बसतो. पावसाळ्यात तो १.०९ च्या जवळ जातो, मे महिन्याच्या दुपारी १.१ ओलांडतो. म्हणजे वीस हॉर्सपॉवरच्या मोटारसायकलीच्या आलेखात दीड-दोन हॉर्सपॉवर इंजिनाची नसून सूत्राची असते.

दोन्ही चाचण्या एकापाठोपाठ झाल्या असत्या, तर ही भर दोन्हीकडे सारखीच राहिली असती. पण हे क्लीनर टाकीभर पेट्रोल जळेपर्यंत काम करत असते; ‘नंतर’ची चाचणी म्हणूनच दुसऱ्या दिवशी, वेगळ्या हवेत होते आणि गुणकाशिवाय तुलना शक्य होत नाही. हवेचे तापमान घेणारा सेन्सर दारापाशी आहे की तापलेल्या बॉनेटजवळ, एवढ्यावर दहा अंशांचा फरक पडू शकतो, आणि दहा अंश म्हणजे सूत्रात दोन टक्के. दोन-तीन टक्के शक्ती परत आल्याचा आलेख पाहताना मला पहिली शंका सेन्सरचीच येते. टर्बो पेट्रोल इंजिनांची अडचण वेगळी आहे: त्यांतील नियंत्रक हवेचा दाब स्वतःच बऱ्याच प्रमाणात भरून काढतो, तरी सूत्र तीच भर पुन्हा देते. गुणक पूर्णपणे वगळावा, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे, पण त्याने हवा बदलायची थांबत नाही.

इथेनॉलने यात भर घातली आहे. पेट्रोलमधील त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले; दोन चाचण्यांच्या मधली टाकी वेगळ्या मिश्रणाची असेल, तर बाटलीचा परिणाम आणि इंधनाचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तरी हे सांगायला नको.

शक्तीतली घट हाच निकष मानणारी चाचणी युरोपात डिझेल इंजिनासाठी तयार झाली. तिच्यात इंधनात मुद्दाम अत्यल्प जस्त, दहा लाख भागांत एक भाग, मिसळून इंजेक्टर घाण केले जातात आणि ठरावीक तास चालवून पूर्ण भारावर शक्ती किती घसरली ते पाहतात. त्यानंतर क्लीनर मिसळलेल्या इंधनावर तेच इंजिन, त्याच चाचणीच्या बाकावर, नियंत्रित हवेत पुन्हा चालवता येते. येथे हरवलेली शक्ती आधी सिद्ध झालेली असते. जस्ताने केलेली घाण रस्त्यावरच्या घाणीसारखी असते का, यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत तर इनटेक व्हॉल्व्हवरून इंधन वाहतच नाही. तेथील थरापर्यंत टाकीतले रसायन पोहोचत नाही, मग डायनोचा आलेख काहीही दाखवो.