अ‍ॅडव्हायझरी आली म्हणजे विमान आलं नव्हे

आखातात कुठे क्षेपणास्त्र पडलं की पुण्याच्या कोथरूड-औंधातल्या घरांत तासाभरात एकच प्रश्न फिरायला लागतो, "एम्बसीने काढलं का काही?" कुणाची मुलगी मस्कतला इंग्रजी शिकवत असते, कुणाचा जावई दोह्याच्या शाळेत असतो. पण 'काही' म्हणजे नेमकं काय, हे विचारणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. दूतावास दोन अगदी वेगळ्या गोष्टी काढतो. एक अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे सूचनापत्र. दुसरी सुटकेची मोहीम, जिला टीव्हीवर ऑपरेशन अमुक-तमुक असं नाव मिळतं. दोन्ही एकाच दूतावासाच्या खात्यावर येतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड होईपर्यंत दोन्ही एकच होऊन जातात.

अ‍ॅडव्हायझरी ही सल्ल्याची चिठ्ठी. निर्णय तुमचा, तिकीट तुमचं, रजाही तुम्हीच मागायची. तिच्यात वाचायचं असतं ते क्रियापद. 'सतर्क राहा' आणि 'नोंदणी करा' या पहिल्या पायऱ्या. 'गरज नसेल तर तात्पुरतं निघा' ही खरी महत्त्वाची पायरी, आणि नेमकी तीच लोक सौम्य समजून सोडून देतात. 'आहात तिथेच थांबा' हा तर उलटाच मामला. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या, अमेरिकी सैन्य असलेल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्याच्या थोडंसं आधी अमेरिकी आणि ब्रिटिश दूतावासांनी आपल्या नागरिकांना घरातच थांबायला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी कतारसह शेजारच्या काही देशांची हवाई हद्द काही तास बंद होती. म्हणजे बॅग भरून विमानतळ गाठणारा तिथेच अडकला असता.

मोहीम सुरू होते ती दार बंद झाल्यावर. नेहमीची विमानं थांबलेली असतात, म्हणूनच तर सरकारला उतरावं लागतं. युक्रेनचं उदाहरण पुण्यात सगळ्यांना आठवतं, कारण तिकडे मेडिकलला गेलेली मुलं इथल्या बऱ्याच घरांतली होती. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीवच्या भारतीय दूतावासाने निघण्याबद्दलची पहिली सूचना काढली. ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही, विशेषतः विद्यार्थी, त्यांनी तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. 'विचार करावा' हे शब्द बघा. तिकिटं महागली होती, आणि विद्यापीठं ऑनलाइन वर्गांचं नक्की सांगत नव्हती. २२ तारखेला दूतावासाला वेगळं सांगावं लागलं की विद्यापीठाच्या उत्तराची वाट बघत बसू नका, निघा. २४ ला युद्ध सुरू झालं आणि आकाश बंद.

पुढे ऑपरेशन गंगा झालं, ते यशस्वीही झालं. पण ते कसं झालं हे विसरून चालणार नाही. विमानं युक्रेनमध्ये उतरलीच नाहीत. ती पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियात उभी होती, आणि सीमेपर्यंत बहुतेकांना स्वतःच पोचावं लागलं. २ मार्चला खार्कीवमधल्या भारतीयांना सांगण्यात आलं की ताबडतोब शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर पायी निघा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्हका गाठा. अंतरं अकरा ते सोळा किलोमीटर. बॉम्ब पडत असलेल्या शहरातून, मार्चच्या थंडीत. 'सरकार आणेल की' असं इथे चहा घेताना म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक घराच्या दारातून विमानात असं चित्र असतं.

सरकारने आणलं नाही असं मी म्हणत नाही. १९९० मध्ये कुवेत आणि इराकमधून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय आणले गेले, बरेचसे जॉर्डनच्या अम्मानमार्गे. २०१५ मध्ये येमेनमधून नौदलाच्या जहाजांनी लोक जिबूतीला नेले, त्यात इतर देशांचे नागरिकही होते. जून २०२५ च्या ऑपरेशन सिंधूत इराणमधल्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आधी आर्मेनियात आणि मग तिथल्या येरेव्हानहून दिल्लीला आली. प्रत्येक वेळी वाट वाकडी होती, कारण सरळ वाट उरलेलीच नसते.

आता शिक्षकांकडे येऊ. या गोंधळात ते इतरांपेक्षा जास्त का अडकतात? पहिलं कारण त्यांचा करार. तो शैक्षणिक वर्षाचा असतो आणि परीक्षा तोंडावर असतात. यूएईच्या कामगार कायद्यात वैध कारणाशिवाय सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहणाऱ्याला नोटीस न देता काढता येतं. दूतावासाची सूचना हे काही रजेचं पत्र नव्हे. ती तुम्हाला लिहिलेली असते, तुमच्या मुख्याध्यापकांना नाही. सौदीत तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असलेल्याला बाहेर पडून परत यायलाही एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा लागतो. तो आधीच काढून ठेवणारा आणि न काढणारा, दोघांसाठी एकाच सूचनेचा अर्थ वेगळा होतो.

दुसरं कारण जास्त मानवी आहे. परदेशात राहणारा माणूस धोका मोजतो तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून. दक्षिण कोरियाचं बघा. तिथला इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा सात देशांच्या नागरिकांना मिळतो. सोल शहर उत्तर कोरियाच्या सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर. बाहेरच्याला वाटतं, तिथे माणसं झोपतात तरी कशी? पण जुने शिक्षक सांगतात की दुकानं उघडी आहेत, मेट्रो भरून चालली आहे, वर्गात पोरं आली आहेत, मग काळजी कसली. हा हिशेब बहुतेक दिवशी बरोबरच निघतो. ३१ मे २०२३ ला सकाळी सातच्या आत सोलमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर स्थलांतराच्या तयारीत राहा असा इशारा आला आणि थोड्याच वेळात गृह मंत्रालयाने तो चुकून गेल्याचं कळवलं. असे एक-दोन अनुभव आले की कान बधिर होतात. पण शेजारी शांत असतो तो स्वतःच्या देशात असतो म्हणून. त्याला पळून जायला दुसरं घर नाही, शिवाय त्याच्यासाठी कुणाचा दूतावास सूचना काढत नाही. त्याची शांतता उसनी घेऊन आपला निर्णय करू नये, असं मला तरी वाटतं.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती पासपोर्टागणिक बदलते. अमेरिकी कायद्यानुसार सरकारी सुटकेचा खर्च नागरिकाकडून वसूल करायचा असतो, त्यासाठी सहसा परतफेडीच्या कागदावर सही घेतात. ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलहून निघणाऱ्या विमानात माणशी ३०० पौंड घेतले. भारताने गंगा आणि (इस्रायलहून आणणाऱ्या) अजय या मोहिमांत प्रवाशांकडून भाडं घेतलं नाही. त्यामुळेच आपल्याकडे वाट बघायची सवय लागते. आज स्वतःच्या खिशातून पन्नास हजार घालण्यापेक्षा चार दिवस थांबू, फुकट विमान येईल. एका काकूंनी मुलीला फोनवर हेच सांगितलेलं मी ऐकलं आहे. "अगं, थांब जरा, सरकार पाठवेल ना." मुलगी म्हणाली, "आई, पाठवेल, पण कुठून ते सांग."

हेच सगळं आरशात उलटं बघायचं तर मे २०२५ मधलं पुणे बघा. इथेही परदेशी भाषाशिक्षक असतात. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले, आयपीएल थांबली, काही परदेशी खेळाडू मायदेशी गेले. तिकडच्या आयांना पुणे आणि पठाणकोट यांतलं अंतर काय कळणार! ब्रिटनची सूचना मात्र सीमेपासून १० किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल आणि जम्मू-काश्मीरबद्दल होती. बंद विमानतळांच्या यादीत पुण्याचं लोहगाव नव्हतं, जरी ते मुळात हवाई दलाचा तळ असलं तरी. सूचना नकाशावर बोट ठेवून वाचायची असते, देशाचं नाव वाचून नाही.

राहता राहिली नोंदणी. दूतावासाकडे नाव नोंदवलं म्हणजे विमानात जागा राखून ठेवली, असाही एक समज आहे. नोंदणीमुळे दूतावासाला तुम्ही कुठे आहात ते कळतं आणि संदेश पोचतो, बस. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल तक्रारीसाठी आहे, तिकिटासाठी नाही. प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे ती ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे सरकारी परवानगी घेऊनच, कामाला जाणाऱ्यांसाठी. दहावीच्या पुढे शिकलेल्या शिक्षकाला ती सक्ती नाही, त्याला विमा स्वतःच बघावा लागतो. खासगी प्रवास विम्यात युद्ध बहुतेक वेळा वगळलेलं असतं आणि आपल्याच सरकारने 'जाऊ नका' म्हटलेल्या ठिकाणी गेल्यास पूर्ण पॉलिसीच हातची जाऊ शकते. म्हणून करारावर सही करण्याआधी शाळेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. दूतावासाने निघायला सांगितलं तर भारतातून ऑनलाइन शिकवता येईल का, आणि त्या दिवसांचा पगार मिळेल का. चांगल्या शाळा उत्तर देतात. ज्या टाळतात, त्यांच्याकडे जाणाऱ्याने परतीच्या तिकिटाचे पैसे पगाराच्या खात्यात न ठेवता पुण्यातल्या खात्यात ठेवावेत.