वंशावळ करून घ्यायला येताना

कोल्हापूर भागातून वंशावळ लिहून घ्यायला आमच्याकडं येणारे बहुतेक जण हातात चालू सातबारा घेऊन येतात. त्या कागदाचा पहिल्या दिवशी फारसा उपयोग होत नाही, कारण त्यावर फक्त आजचे खातेदार दिसतात. येताना आत्याला घेऊन या. आत्या नसेल तर भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईला आणा. कुठली मुलगी कुठल्या गावाला दिली, कुणाची दोन लग्नं झाली, कुठला चुलता लहानपणीच मामाच्या घरी दत्तक गेला, हे चहा होईपर्यंत सांगून होतं. पुरुष मंडळींना बांध पाठ असतात, माणसं नाहीत. हा आमचा अनुभव आहे, रागावू नका.

त्यानंतर आम्ही फेरफार काढतो, म्हणजे जमिनीवरची नावं कधी, कशी बदलली त्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. शेवटच्या आकड्यापासून मागं मागं जात राहायचं. कोण कधी मयत झालं, वारस कोण लागले, वाटणी कधी झाली, हे त्यात ओळीनं सापडतं.

खरी गोची नावांची. आपल्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. समजा, ज्ञानू बाळा यांचा मुलगा बाळा ज्ञानू, आणि त्याचा मुलगा पुन्हा ज्ञानू बाळा. कागदावर दोन्ही ज्ञानू बाळा हुबेहूब सारखे, मध्ये पन्नास-साठ वर्षं. घाईत जोडलं की आजोबा-नातू एकच माणूस होऊन बसतो आणि एक अख्खी पिढी गायब होते. म्हणून प्रत्येक नावापुढं आम्ही बायकोचं नाव आणि मयत झाल्याचं साल लिहितो. साल कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत मिळतं, मिळालं तर. त्यात आणि आबा, तात्या, दादू ही घरातली हाकेची नावंही सरळ उताऱ्यावर चढलेली असतात. आडनावाचं तेच. पाटीलकी असलेल्या शाखेनं पाटील लावलं, बाकीच्यांनी जुनं आडनाव ठेवलं, आणि दोन्ही घरं मात्र एकाच खापरपणजोबाची.

नावापुढं 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची झाली असं नाही, बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागं उभे असतात. अशा वेळी वंशावळ एक पिढी वर नेऊन, त्यांच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा पालक. तिथं बहुधा विधवा आईचं नाव सापडतं. आम्हाला ते सोन्यासारखं, कारण जुन्या कागदात बाई अशीच कुठंतरी सापडते.

आता कागद कुठले, कुठं? कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळं त्याआधीचे कागद संस्थानी पद्धतीचे आणि बरेचसे मोडी लिपीत. आजरा इचलकरंजी जहागिरीत होता, कुरुंदवाड हे वेगळं संस्थान, आणि चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. तुमचं गाव आज कुठल्या तालुक्यात आहे यापेक्षा तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं हे आधी विचारतो ते यासाठी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, शब्द सुटे लिहिलेले नसतात. सालही शके किंवा फसली (जुनं महसुली साल) असतं. शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. पुढं जमिनीचे तुकडे एकत्र करायच्या गट योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा जुना नंबर माहीत नसेल तर धागा तिथंच तुटतो. घरात जुनी पावती, वाटणीपत्र, काहीही असेल तर आणा. वाळवी लागलेलंही चालेल.

तुमच्या घरी हेळवी येत असेल तर त्याची वही जरूर ऐका. नंदीवर बसून येणारा, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं गाऊन सांगणारा हेळवी आता कमी दिसतो. कचेरीत त्या वहीचा पुरावा कितपत धरतील ते सोडा, पण मूळ गाव कुठलं हे आम्हाला कितीदा तिथूनच कळलं आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच.

एक गोष्ट आम्ही करत नाही. "बहिणींची नावं राहू द्या, त्यांना काही नको आहे" असं सांगितलं तरी वंशावळीत बहिणी येणारच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका हक्क दिला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. बहिणीला खरोखरच नको असेल तर ती हक्कसोडपत्र करेल, तो तिचा प्रश्न. वंशावळीखाली प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते, खोटं निघालं तर निस्तरायचंही तुम्हालाच. बहिणीचं माहेरचं नाव आणि सासरी बदललेलं नाव, दोन्ही लिहून आणा. नाहीतर कागदावर एकीच्या दोघी होतात.

ओबीसी जातपडताळणीसाठी वंशावळ हवी असेल तर आधी सांगा. तिथं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदीपर्यंत पोचावं लागतं, शाळेचा दाखला महत्त्वाचा ठरतो आणि शोधाची दिशाच बदलते. वारस नोंदीसाठी एवढं मागं जायची गरज नसते.

आम्ही वंशावळ लिहून देतो, वारस ठरवत नाही. नोंद तलाठी घालतात (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), मंजूर मंडल अधिकारी करतात, आणि तंटा असेल तर कोर्ट आहेच. मोडीची पानं मोजून मजुरी आधी सांगू. भावकीत बोलणं बंद असेल तर दोन्हीकडच्यांनी वेगवेगळ्या दिवशी या, आम्हाला सवय आहे.